ब्रिजचा डिफेन्स, मेंढीकोट खेळणाऱ्यांसाठी

ठाणे-नवी मुंबईत पत्ते अजिबात येत नाहीत असा माणूस शोधावा लागतो. कुणी कसारा-कर्जत लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून मेंढीकोट शिकलेलं असतं, कुणी गणपतीच्या जागरणात तीनशे चार खेळलेलं असतं, आणि सुट्टीत मामाकडे पाच-तीन-दोन नि जजमेंट तर सगळ्यांचंच झालेलं असतं. ही मंडळी ब्रिजच्या टेबलावर आली की बोलीला घाबरतात आणि ‘खेळ काय, येतोच की’ असं धरून चालतात. होतं बरोबर उलटं. बोलीचे ठोकताळे काही आठवड्यांत अंगवळणी पडतात. डिक्लेअरर (बोली जिंकून डाव खेळणारा) झालात तर भिडूची तेरा पानं समोर उघडी असतात, त्यामुळे तेही हळूहळू जमतं. गाडी अडते ती डिफेन्सला, म्हणजे समोरच्या जोडीचा करार पाडायला.

आणि डिफेन्स काही अधूनमधून येत नाही. चार खुर्च्यांपैकी एक डिक्लेअररची, एक डमीची (त्याच्या उघड्या पानांच्या भिडूची), उरलेल्या दोन डिफेंडरांच्या. म्हणजे सरासरीने निम्मे डाव तुम्ही डिफेन्सलाच बसणार. डमी व्हायची पाळी येते त्या वेळी तर नुसतं बघायचं असतं. तरीही नवखे लोक सगळा अभ्यास बोलीचा करतात, हे मला कधी कळलेलं नाही.

आमच्या नेरूळच्या सोसायटीत रविवारी सकाळी क्लबहाऊसमध्ये टेबलं लागतात. ऐरोली-महापेचे आयटीवाले, निवृत्त बँकवाले, दोन-तीन काकू अशी मिसळ असते. त्यांना जे आणि ज्या क्रमाने सांगतो तेच इथे लिहितो आहे. बोलीची तोंडओळख आहे, डमी म्हणजे काय ते माहीत आहे, एवढं गृहीत धरलंय. ट्रिकला मी ‘हात’ म्हणेन, लीडला ‘उतारी’ आणि पार्टनरला अर्थातच ‘भिडू’. सूट, डमी, नोट्रंप (बिनहुकमाचा करार) हे शब्द तसेच. सगळ्या उदाहरणांत डिक्लेअरर दक्षिणेला, डमी उत्तरेला. म्हणजे उतारी पश्चिमेची आणि पहिल्या हाताला तिसरं पान पूर्वेचं.

पहिली पायरी: आपल्याला किती हात हवेत?

करार, म्हणजे ठरलेली शेवटची बोली, ४ इस्पिकचा असेल तर त्यांना १० हात करायचे आहेत, तुम्हाला ४ हवेत. ३ नोट्रंप असेल तर त्यांना ९, तुम्हाला ५. हा आकडा पान टाकायच्या आधी डोक्यात पक्का हवा. मेंढीकोटात आपण मिळेल तो हात घेत जातो आणि दश्श्या शेवटी मोजतो. ब्रिजमध्ये ‘हा हात घेऊ का’ याआधी ‘माझे चार हात कुठून येणार’ हा प्रश्न येतो. दोन तुमच्या पानांत दिसत असतील तर उरलेले दोन भिडूकडून यायला हवेत, म्हणजे त्याच्याकडे अमुक एक पान असायलाच हवं. ते आहे असं धरून खेळायचं. नसेल तर करार तसाही होणारच होता.

दुसरी पायरी: उतारी

उतारी हे एकच पान आंधळेपणाने टाकावं लागतं, डमी त्यानंतर उघडते. म्हणून इथे ठरलेले नियम उपयोगी पडतात, आणि ते सरळ पाठ करावेत.

नोट्रंपविरुद्ध आपली सगळ्यांत लांब सूट काढायची आणि तिचं वरून चौथं पान टाकायचं. राजा, गुलाम, अठ्ठी, सत्ती असेल तर सत्ती. राणी-गुलाम-दश्शी अशी सलग पानं असतील तर मात्र सगळ्यांत वरचं, म्हणजे राणी. भिडूने एखादी सूट बोललेली असेल तर साधारणपणे तीच.

हुकमाच्या कराराविरुद्ध एक्का-राजा दोन्ही असतील तर एक्का. एखाद्या सूटचं एकच पान असेल आणि हुकमाची दोन-तीन फुटकळ पानं असतील तर ते एकुलतं पान, म्हणजे पुढच्या वेळी त्या सुटीत हुकूम मारता येतो. हुकूमच राणी-गुलाम-दश्शी असा भारी असेल तर त्याची घाई करू नका, ते हात तसेही येणार असतात. आणि एक नियम अगदी घट्ट धरा: ज्या सुटीत तुमच्याकडे एक्का आहे, तिच्यातलं लहान पान हुकमाच्या कराराला उतरू नका. डिक्लेअररचा एकटा राजा हात मारून जातो, नंतर एक्क्यावर हुकूम पडतो, आणि भिडू तुमच्याकडे बघत बसतो.

लहान पान म्हणजे ‘या सुटीत माझ्याकडे चित्र आहे’ असा निरोप असतो. चित्र नसेल तर वरचं पान टाका, नव्वी-सत्ती-चव्वी असेल तर नव्वी. भिडू त्याच सुटीत परत येण्यात हात वाया घालवणार नाही.

तिसरी पायरी: डमी उघडली की थांबा

बहुतेक डाव इथेच हातचे जातात. डमीची पानं मांडली जात असतानाच पूर्वेचा खेळाडू आपलं पान काढून तयार असतो. लोकलच्या डब्यातली सवय! दिवा स्टेशनला बाजूचे चौघे उतरायच्या आत डाव संपवायचा असतो, तसा. ब्रिजमध्ये पहिल्या हाताला विचार करायला वेळ घेणं हे चांगल्या खेळाडूचं लक्षण मानतात. डिक्लेअररने डमीतून पटकन पान मागितलं तरी तुम्ही सावकाश घ्या.

या वेळात करायचं काय? बेरीज. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १. प्रत्येक सुटीत १०, चार सुटींचे मिळून ४०. समजा दक्षिणेने १ नोट्रंप उघडलं, म्हणजे बहुतेक जण खेळतात त्या पद्धतीत १५ ते १७ गुण. उत्तरेने थेट ३ नोट्रंप दिलं. डमीत १० गुण दिसतायत, तुमच्याकडे ११. हे २१ झाले, उरले १९. त्यातले १५ ते १७ दक्षिणेचे. म्हणजे भिडूकडे २ ते ४. डमी उघडून अर्धा मिनिट झालेला नाही आणि न दिसणाऱ्या तेरा पानांबद्दल एवढं कळलं!

आता याचा वापर बघा. भिडूने बदामची उतारी केली आणि त्याच्याकडे बदामचा राजा आहे असं एक-दोन हातांनंतर कळलं. म्हणजे ३ गुण संपले. किलवरचा एक्का त्याच्याकडे असूच शकत नाही, कारण ३ आणि ४ मिळून ७ होतात. त्यामुळे ‘बघू भिडूचा एक्का लागतोय का’ म्हणून किलवर उतरण्यात अर्थ नाही. हे अंदाज नव्हेत, वजाबाकी आहे.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. ज्याने पहिल्या फेरीला पास दिला होता तोच नंतर डिक्लेअरर झाला, आणि खेळात त्याचे ११ गुण उघडे पडले, तर न दिसलेला राजा त्याच्याकडे नाही. १४ गुण असते तर त्याने पहिल्यांदाच बोली उघडली असती. तो राजा भिडूचा.

चौथी पायरी: तिसरं पान, आणि अकराचा नियम

‘तिसऱ्याने मोठं खेळावं’ हे सगळीकडे शिकवतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. भिडूने लहान पान टाकलंय, डमीतूनही लहान पडलंय, तर तुम्ही मोठं टाकून हात घ्या किंवा निदान डिक्लेअररचं चित्र बाहेर काढा. फक्त दोन सलग पानं असतील तर त्यातलं खालचं टाका. राजा-राणी असेल तर राणी. राणीवर डिक्लेअररला एक्का मारावा लागला तर भिडूला कळतं की राजा डिक्लेअररकडे नाही, नाहीतर त्याने राजावरच भागवलं असतं. (उतारी करताना सलग पानांतलं वरचं आणि तिसऱ्या जागी खेळताना खालचं, ही उलटापालट एकदा हाताला बसली की पुन्हा विसरत नाही.)

पण आंधळेपणाने मोठं खेळलं की काय होतं ते क्लबहाऊसमधल्या एका डावात बघा. करार ३ नोट्रंपचा. पश्चिमेने इस्पिकची सत्ती उतरली. डमीत इस्पिकचे राणी, नव्वी, तिर्री. पूर्वेला एक काकू, त्यांच्याकडे एक्का, दश्शी, चव्वी. डमीतून तिर्री पडली आणि काकूंनी ताडकन एक्का मारला.

“काकू, एक्का का?”

“तिसऱ्याने मोठं. तुम्हीच सांगितलंत ना?”

“सांगितलं. पण सत्तीतून अकरा वजा करा… म्हणजे अकरातून सत्ती.”

“चार.”

“म्हणजे सत्तीपेक्षा मोठी चार पानं तुमच्या, डमीच्या आणि डिक्लेअररच्या हातात मिळून आहेत. डमीत किती दिसतायत?”

“राणी नि नव्वी. दोन.”

“तुमच्याकडे?”

“एक्का आणि दश्शी.” मग त्या क्षणभर गप्प झाल्या. “अगोबाई. म्हणजे त्याच्याकडे एकही नाही?”

एकही नाही. दश्शी टाकली असती तरी तोच हात त्यांचा होता. मग एक्का, मग चव्वी, आणि पश्चिमेचे राजा-गुलाम डमीच्या राणीला चिरडून गेले असते. चारही हात आपले. एक्का आधी मारल्यामुळे मात्र डमीतल्या राणी-नव्वीला पश्चिमेनंतर खेळायची संधी मिळाली आणि राणीने एक हात केलाच. पाच हात हवे असताना एक असा फुकट गेला.

हा नियम का चालतो? पत्त्यांना दुर्री २ पासून एक्का १४ पर्यंत नंबर द्या. सत्तीच्या वर १४ वजा ७, म्हणजे ७ पानं. उतारी चौथ्या पानाची आहे, म्हणजे त्यातली तीन भिडूकडेच. उरली चार. १४ मधून ते तीन आधीच वजा केले की ११. उतारी चौथ्या पानाचीच असली पाहिजे, ही मात्र अट आहे. एकुलत्या नव्वीला हा हिशेब लावलात तर भलतंच उत्तर येईल.

याचाच धाकटा भाऊ: नोट्रंपला भिडूने चौथं पान म्हणून दुर्री उतरली तर त्याच्याकडे त्या सूटची चारच पानं आहेत. दुर्रीखाली पाचवं पान असणार कुठून? डमीत तीन, तुमच्याकडे तीन, म्हणून डिक्लेअररकडेही तीन. पहिल्याच हाताला एक अख्खी सूट मोजून झाली.

पाचवी पायरी: दुसरं पान, आणि चेहरा

दुसऱ्याने लहान खेळावं. डिक्लेअरर स्वतःच्या हातातून लहान पान डमीतल्या राजा-गुलामाकडे खेळतोय आणि तुम्ही पश्चिमेला एक्का घेऊन बसलायत. एक्का मारलात तर त्याचा प्रश्न सुटला. लहान टाकलंत तर त्याला ठरवावं लागतं, राजा घालू की गुलाम. निम्म्या वेळा तो चुकेल.

पण हे लहान पान सहज पडायला हवं. चार सेकंद पानांशी खेळून, श्वास घेऊन, मग लहान टाकलंत तर एक्का तुमच्याकडे आहे हे पलीकडच्या टेबलालाही कळतं. इलाज एकच, विचार आधी करून ठेवायचा. डमीत राजा-गुलाम दिसला त्याच क्षणी ठरवा, ‘या सुटीत माझ्याकडे येईल तेव्हा मी लहान टाकणार.’ काही ठरवायचं नसताना मुद्दाम रेंगाळून डिक्लेअररला फसवणं नियमाविरुद्ध आहे, आणि भिडूच्या रेंगाळण्यावरून काही ताडून तसं खेळणंही.

चित्रावर चित्र घालावं का, हा नेहमीचा प्रश्न. डमीतून राणी आली, तुमच्याकडे राजा, अठ्ठी, दुर्री आहेत. डमीत राणी एकटी असेल, तिच्याखाली गुलाम नसेल, तर राजा घाला. दक्षिणेकडे एक्का-गुलाम-सत्ती आणि भिडूकडे दश्शी-नव्वी-पंजी-चव्वी असली तर फरक असा पडतो: राजा घातलात तर राणी-राजा-एक्का एकाच हातात संपतात, गुलाम एक हात करतो आणि तिसऱ्या फेरीला भिडूची दश्शी मोठी होते. नाही घातलात तर राणी, गुलाम, एक्का असे तीन हात त्यांचे. म्हणजे राजा भिडूच्या दश्शीसाठी द्यायचा असतो. डमीत राणी-गुलाम दोन्ही असतील तर पहिल्यावर घालू नका, दुसऱ्यावर घाला. आणि हुकूम असेल, बोलीवरून भिडूकडे एखादंच फुटकळ पान असणार हे दिसत असेल, तर मोठं करायला पलीकडे काहीच नाही. शांत बसा.

सहावी पायरी: खुणा

मेंढीकोटात टेबलाखालून पाय लागतात, भुवया उडतात, कुणीतरी उगाच खोकतं. ब्रिजमध्ये हे सगळं बाद. जागतिक स्पर्धांत तर टेबलावर तिरका पडदा असतो, भिडूचं तोंडही दिसत नाही. बोलायचं ते पानांनीच, आणि तुमच्या जोडीत कुठल्या पानाचा काय अर्थ ठरलाय हे प्रतिस्पर्ध्याने विचारलं तर सांगावं लागतं. गुपित चालत नाही.

खुणा तीन आहेत. नवख्यांनी पहिली आज, दुसरी महिन्याभराने आणि तिसरी त्यानंतर शिकावी, एकदम तिन्ही घेतल्या की भिडूच्या प्रत्येक पानात अर्थ दिसायला लागतो आणि दोघंही वेडे होतात.

पहिली, आवडनिवड. भिडूने एक्का उतरला, म्हणजे त्याच्याकडे राजाही आहे. तुमच्याकडे राणी, नव्वी, दुर्री असेल तर नव्वी टाका: ‘चालू ठेव’. नव्वी, पंजी, दुर्री असेल तर दुर्री: ‘दुसरं काहीतरी बघ’. हुकमाच्या कराराला तुमच्याकडे अठ्ठी-तिर्री अशी दोनच पानं असतील तरीही अठ्ठी, कारण एक्का, राजा झाले की तिसऱ्या फेरीला तुम्ही हुकूम मारणार आहात. खूण द्यायला परवडेल असं पान वापरा. राणी टाकून ‘आवडलं’ म्हणू नका, एक्क्याखाली राणी पडली की तिचा अर्थ वेगळा होतो: एक तर तिच्यामागे गुलाम आहे किंवा ती एकटीच आहे.

दुसरी, संख्या. ही खूण कामी येते ती डिक्लेअरर स्वतःची सूट खेळतो तेव्हा. मोठं मग लहान म्हणजे सम, लहान मग मोठं म्हणजे विषम. करार ३ नोट्रंप. डमीत चौकटचे राजा, राणी, गुलाम, दश्शी, पंजी आहेत आणि डमीत जायला दुसरा कुठलाच मार्ग नाही. तुम्ही पूर्वेला, एक्का, सत्ती, तिर्री घेऊन. एक्का पहिल्यालाच मारलात तर डिक्लेअरर डमीत परत येऊन चार हात करेल. किती वेळ धरून ठेवायचा? डिक्लेअररची चौकट संपेपर्यंत, आणि ती कधी संपणार हे भिडू सांगतो. त्याने पहिल्या फेरीला अठ्ठी टाकली. मोठं, म्हणजे सम, म्हणजे दोन. डमीत पाच, तुमची तीन, भिडूची दोन, दहा झाली. डिक्लेअररकडे तीन. एक्का तिसऱ्या फेरीला मारा, दोन हात देऊन सूट बंद. त्याने दुर्री टाकली असती तर विषम, बहुतेक तीन. मग डिक्लेअररकडे दोनच, एक्का दुसऱ्याच फेरीला. तिथे आणखी एक फेरी थांबलात तर फुकटचा हात दिलात. ‘एक्का कधी मारायचा’ याला अंदाजाने उत्तर देणारे आणि मोजून देणारे, असे खेळाडूंचे दोन वर्ग या एकाच प्रसंगात वेगळे होतात.

तिसरी, परतीची सूट. हुकूम इस्पिकचा. तुम्ही भिडूला हुकूम मारायला म्हणून बदाम देताय. हुकूम मारल्यावर त्याने तुमच्याकडे कशाने परत यायचं? हुकूम आणि बदाम वगळले की किलवर आणि चौकट उरतात. मोठा बदाम दिलात तर वरची सूट, चौकट. लहान दिलात तर खालची, किलवर. ही युक्ती गेल्या शतकात अमेरिकेच्या हाय लॅव्हिंथलने मांडली, म्हणून अजूनही तिला लॅव्हिंथल म्हणतात. जिथे आवडनिवड आणि संख्या दोन्ही निरर्थक आहेत तिथेच ती वाचायची.

सातवी पायरी: घाई की सबुरी

इथे लांबण लावण्यासारखं काही नाही. डमीत हुकमाशिवाय एखादी लांब, भारी सूट दिसली तर डिक्लेअरर तिच्यावर आपली नकोशी पानं टाकणार, म्हणून तुमचे हात आत्ताच घ्या, धोका पत्करून राजाखालून उतरावं लागलं तरी. डमी सपाट आणि फिकी असेल तर कुठलीही नवी सूट उघडू नका. ज्याला राणी कुठे आहे ते शोधायचंय त्यालाच शोधू द्या. नवखे नेमकं उलटं करतात: सपाट डमीसमोर दर हाताला नवी सूट.

आठवी पायरी: तेरा मोजणं आणि पानं टाकणं

सगळी ५२ पानं लक्षात ठेवायला जाऊ नका. डिक्लेअररच्या तेरा पानांचा आकार शोधा, तेवढं पुरतं. तेरा पानं चार सुटींत वाटली जातात त्याचे ठरावीक साचे आहेत: ४-४-३-२ सगळ्यांत जास्त वेळा येतो, शंभरात एकवीस-बावीस वेळा. त्याखालोखाल ५-३-३-२, ५-४-३-१, ५-४-२-२ आणि ४-३-३-३. हे पाच साचे फोन नंबरासारखे पाठ करा. बोलीवरून इस्पिक पाच, खेळात बदाम चार दिसले, किलवरला दुसऱ्याच फेरीला त्याने हुकूम मारला, म्हणजे एक. ५-४-१ झालं की उरलेले तीन आपोआप कळतात, बेरीज करावी लागत नाही.

याचा खरा फायदा शेवटच्या पाच-सहा पानांत मिळतो. डिक्लेअरर लांबच लांब सूट खेळत राहतो आणि तुम्हाला पानं टाकावी लागतात. त्या वेळी डमीकडे बघा. डमीत किलवरचे एक्का, राजा, राणी, छक्की आहेत आणि तुमच्याकडे गुलाम, अठ्ठी, पंजी, तिर्री. तिर्री बिनकामाची दिसते, पण ती टाकलीत तर तिसऱ्या फेरीला गुलाम पडतो आणि डमीची छक्की मोठी होते. डमीत चार आहेत तोवर तुमच्याकडेही चार राहू द्या. याउलट दिसायला भारी पण डिक्लेअररने आधीच संपवलेल्या सुटीतली राणी बिनदिक्कत फेका. राणी टाकताना हात थरथरतो खरा.

सराव कसा करायचा

घरी खेळताना हात गोळा करून ढीग करायची सवय मोडा. स्पर्धेत जसं करतात तसं प्रत्येकाने आपलं पान आपल्याच समोर पालथं ठेवायचं, आपल्या जोडीने हात केला तर उभं, गेला तर आडवं. डाव संपला की चौघांची तेरा-तेरा पानं जशीच्या तशी शाबूत राहतात, सगळी उघडी करून कुठल्या हाताला डाव निसटला ते बघता येतं. आमच्याकडे एक डाव खेळायला जेवढा वेळ जातो तेवढाच तो उकलायला जातो, आणि शिकणं त्या दुसऱ्या अर्ध्यातच होतं.

चौघं जमत नसतील तर ब्रिज बेस ऑनलाईन आहे. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने वाशीला पोचेपर्यंत फोनवर दोन-तीन डाव सहज होतात. तिथे डाव संपल्यावर चौघांचीही पानं दिसतात. स्वतः खेळायचं नसेल तर जाणत्यांच्या टेबलाशी बसून बघता येतं. बघताना मात्र एकाच डिफेंडरची पानं उघडी ठेवा, आणि त्याने पान टाकायच्या आधी आपण काय टाकलं असतं ते ठरवा.

सुरुवातीला मोजणीचा भार एकदम घेऊ नका. पहिले काही रविवार फक्त डिक्लेअररचे गुण मोजा. ते आपोआप व्हायला लागलं की फक्त हुकूम मोजा, मग आणखी एक सूट.

भिडू शक्यतो एकच ठेवा. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पुरुष जोडीचं सुवर्ण प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी भारताला मिळवून दिलं तेव्हा एकाचं वय ६०, दुसऱ्याचं ५६ होतं, आणि ते वर्षानुवर्षं एकत्र खेळणारे भिडू. दर आठवड्याला भिडू बदलला की खुणा पुन्हा पहिल्यापासून. आणि डाव चालू असताना त्याला झापू नका. चिडलेला भिडू पुढचे तीन डाव मोजणार नाही.

खेळायला बसण्यापूर्वी एका कागदावर दोघांनी मिळून एवढं लिहून ठेवा: नोट्रंपला चौथं पान उतरायचं का, एक्का-राजातून एक्का की राजा, मोठं पान म्हणजे हो की नाही (काही जोड्या मुद्दाम उलटं खेळतात), संख्या कधी दाखवायची, आणि तिसरी खूण सध्या खेळायची की नाही. कागद दोघांच्याही पाकिटात हवा, एकाच्याच नको. आमच्याकडे तो हरवणाऱ्याने सगळ्या टेबलाला मामलेदारची मिसळ द्यायची असं ठरलंय, आणि नेरूळहून ठाण्याला जाऊन ती खायची म्हणजे अख्खा रविवार जातो, त्यामुळे सहसा कुणी हरवत नाही.